आयात बिअरची चव: प्रवासात काय टिकतं, काय हरवतं

ब्रिटनमधल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये बिअरच्या कपाटासमोर उभं राहिलं की युरोपचा अर्धा नकाशा शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. बेल्जियम, झेकिया, जर्मनी, इटली, स्पेन आणि त्यांच्या बाजूला जपान, मेक्सिको. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटतंच. आपल्याकडे वाइन शॉपच्या काउंटरवर बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो, माइल्ड की स्ट्राँग. इथे मात्र दर आठवड्याला एक नवी बाटली उघडायची, मित्रांबरोबर चाखायची आणि झेक मोठे की जर्मन यावर रात्र जागवायची, असा छंद जडायला वेळ लागत नाही. मलाही तो जडला आणि मला तो मनापासून प्रिय आहे. म्हणूनच या तुलनेत आपण नेमकं काय तोलतो, हा प्रश्न एकदा नीट मांडायला हवा. बहुतेक वेळा आपण देश तोलतच नाही. आपण तोलतो ती बाटली कुठे भरली, कधी भरली आणि तिच्यावर किती उजेड पडला, या गोष्टी. त्या बाजूला काढल्याशिवाय झेकिया आणि जर्मनीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे: ही बिअर खरंच परदेशातून आली आहे का? नाव परदेशी आणि भट्टी स्थानिक, ही या धंद्याची जुनी रीत आहे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते जहाजातून वाहून नेण्यापेक्षा परवाना देऊन तिथेच गाळून घेणं स्वस्त पडतं. बेल्जियममधल्या ल्युव्हेनचं नाव मिरवणारी स्टेला आर्ट्वा ब्रिटनमध्ये कित्येक दशकं स्थानिक कारखान्यांतच तयार होते, आणि तिच्यातलं अल्कोहोल ५.२ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ४.६ टक्क्यांपर्यंत उतरलं आहे. हाइनेकेनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २००३पर्यंत ब्रिटिश ग्राहकाला या नावाखाली इथेच बनलेली ३.४ टक्क्यांची पातळ बिअर मिळायची, तर नेदरलँड्समध्ये त्याच नावाची बिअर ५ टक्क्यांची होती. त्या काळात लंडनमध्ये हाइनेकेन पिऊन डच बिअरबद्दल मत बनवणारा माणूस दुसऱ्याच पेयाबद्दल बोलत होता. ऑगस्ट २०२३पासून ब्रिटनमध्ये ३.५ टक्क्यांखालच्या बिअरवर कर बराच कमी झाला, आणि तेव्हापासून काही नामांकित लागर बिअर नेमक्या ३.४ टक्क्यांवर येऊन थांबल्या आहेत. म्हणजे चवीचा एक भाग अर्थखात्यात ठरतो. स्पॅनिश थाटाचं लेबल असलेली माद्री २०२०मध्ये बाजारात आली आणि ब्रिटनमध्येच तयार होते. अमेरिकेत तर हे प्रकरण कोर्टात गेलं. ब्रेमेनची म्हणून ओळखली जाणारी बेक्स २०१२पासून तिथे सेंट लुइसमध्ये बनू लागली. बाटलीवरच्या मजकुरामुळे आपण ती जर्मन समजून घेतली, असं म्हणत ग्राहकांनी दावा लावला आणि कंपनीला तडजोड करावी लागली.

आपल्या देशाच्या नावावर खपणाऱ्या बिअरची कथाही याच रांगेतली. कोब्राची पहिली खेप १९९०मध्ये बंगळूरहून ब्रिटनला आली. तिचे संस्थापक करण बिलिमोरिया यांची कल्पना अशी होती की, मसालेदार जेवणाबरोबर पोट फुगवणार नाही अशी, कमी गॅसची आणि गुळगुळीत बिअर हवी. १९९७मध्ये उत्पादन बेडफर्डला हललं आणि २००९नंतर बर्टन-ऑन-ट्रेंटला. किंगफिशर बरीच वर्षं केंट परगण्यातल्या फेव्हरशॅम गावात शेफर्ड नीम या जुन्या भट्टीत बनत होती. त्याच भट्टीत काही काळ जपानची असाहीही बनायची. लंडनच्या करी हाउसमध्ये एका टेबलावर किंगफिशर आणि शेजारच्या सुशीच्या दुकानात असाही पिणारे दोघेजण त्या काळात एकाच गावची बिअर पीत होते. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. लेबलावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं, आणि चांगल्या हातांनी बनवलेली परवान्याची बिअर ताजी असल्यामुळे मूळ बिअरपेक्षा उजवीही निघू शकते. पण तुलनेच्या वहीत तिच्यापुढे ‘भारत’ किंवा ‘जपान’ लिहिणं चूक आहे.

आता खरोखर समुद्र ओलांडून आलेल्या बाटल्यांकडे वळू. बिअरचे दोन मोठे शत्रू आहेत, उजेड आणि प्राणवायू. तिसरा म्हणजे उष्णता, जी या दोघांचं काम सोपं करते. उजेडाचं काम किती झपाट्याने होतं, हे घरच्या घरी पाहता येतं. फिकट लागरची एक बाटली दोन काचेच्या पेल्यांत ओता. एक पेला अंधाऱ्या कपाटात ठेवा, दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही पेल्यांच्या तोंडाशी नाक न्या. कपाटातल्या पेल्याला माल्टचा पावासारखा आणि हॉप्सचा गवताळ वास असतो. उन्हातल्या पेल्यातून जळक्या रबराचा, थोडा सडक्या लसणाचा दर्प येतो. अनेकांना तो ओळखीचा वाटतो, कारण हिरव्या बाटलीतल्या युरोपियन बिअरची ‘खास चव’ म्हणून त्यांनी तोच दर्प मनात साठवलेला असतो. याचं कारण असं. हॉप्समुळे बिअरमध्ये कडवटपणा देणारी आम्लं येतात. बिअरमधल्या रायबोफ्लेविनच्या मदतीने उजेड ती आम्लं तोडतो आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. माणसाच्या नाकाला ते अब्जांश भागाहूनही कमी प्रमाणात कळतं. तपकिरी काच हा घातक उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फार कमी आणि पारदर्शक जवळपास नाहीच. पारदर्शक बाटलीतून बिअर विकणारे काही उत्पादक म्हणूनच हॉप्सचा असा प्रक्रिया केलेला अर्क वापरतात ज्यातून हा वास तयार होत नाही. झेकियातल्या पिल्सनर उर्केलने बाहेर जाणाऱ्या मालासाठी हिरवी काच सोडून तपकिरी धरली, आणि माझ्या मते त्या कंपनीने ग्राहकासाठी केलेल्या उत्तम गोष्टींपैकी ती एक होती.

प्राणवायूचं काम सावकाश चालतं. बाटली भरताना राहिलेला आणि बुचाच्या कडेने झिरपणारा थोडासा प्राणवायू महिनोन्‌महिने बिअरवर काम करतो. आधी हॉप्सचा सुगंध बसतो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, पुढे मधाळ, शिळी गोडी. गोदाम गरम असेल तर हे सगळं कित्येक पटीने वेगात घडतं. चार अंशांत महिनाभर राहिलेली बाटली आणि तीस अंशांत कंटेनरमध्ये महिनाभर भाजलेली बाटली यांचं लेबल एक असतं, तारीख एक असते, बिअर मात्र एक राहत नाही. म्हणूनच मी दुकानात पुढच्या रांगेतली, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली कधीच उचलत नाही. मागची घेतो, शक्य असेल तर बंद खोक्यातली, आणि हिरवी बाटली व डबा यांत निवड असेल तर डबा. डब्याला कमी प्रतीचा समजण्याची आपल्याकडची सवय सोडायला हवी. त्यात उजेड शिरत नाही आणि त्याचं तोंड पक्कं बंद असतं.

एवढं समजल्यावर मग नामांकित बिअर नामांकित का आहेत ते कळायला लागतं. १८४२मध्ये पिल्झेन शहरात बव्हेरियाहून बोलावलेल्या योझेफ ग्रोल याने मऊ पाणी, मोराव्हियन बार्ली आणि झाटेत्सचे हॉप्स वापरून सोनेरी लागर बनवली. आज जगात खपणारी बहुसंख्य बिअर तिचीच दूरची नातेवाईक आहे. ग्रोलची ती बिअर म्हणजेच आजची पिल्सनर उर्केल. बाटलीतली उर्केल चांगली असते. पण लंडनच्या काही पबमध्ये पाश्चराइझ न केलेली उर्केल थेट पिल्झेनहून थंड टाकीतून येते, ती पहिल्यांदा प्यायल्यावर बाटलीतल्या बिअरमध्ये काय नव्हतं ते समजतं. फेस जाड, ओल्या सायीसारखा. खाली माल्टची भाजलेल्या पावाच्या कडेसारखी गोडी, लोण्याची किंचित छटा, आणि मग हळूहळू चढत जाणारा, घोट गिळल्यावरही जिभेच्या मागे रेंगाळणारा कडवटपणा. बाटलीत कडवटपणा पोचतो. गोडी आणि सुगंध वाटेत झिजतात. त्यामुळे ‘झेक बिअर कडू असते’ हे आपल्याकडचं सरसकट मत प्रवासाने बनवलेलं आहे.

एक तुलना मात्र ब्रिटनमध्येच करावी अशी आहे. बुडवाइजर नावाच्या दोन बिअर, एक झेकियातल्या बुड्येयोव्हित्सेची आणि एक अमेरिकन, नावावरून शतकभर भांडत आल्या आहेत. अमेरिकेत झेक बिअरला चेकवार म्हणून विकावं लागतं. युरोपातल्या अनेक देशांत अमेरिकन बिअरला पूर्ण नाव वापरता येत नाही. ब्रिटिश न्यायालयांनी मात्र दोघींना नाव वापरू दिलं, त्यामुळे इथे एकाच दुकानातून दोन्ही आणता येतात. झेक बुडवाइजर, म्हणजे बुडवार, अख्ख्या झाटेत्स हॉप्सची, निव्वळ माल्टची आणि ९० दिवस थंडीत मुरवलेली. अमेरिकन बुडवाइजरमध्ये तांदूळ, कडवटपणा अगदी कमी, आणि ब्रिटनमध्ये विकली जाणारी इथेच बनते. शेजारी शेजारी ओतल्या तर नवशिक्यालाही फरक कळतो. मला बुडवार कितीतरी जास्त आवडते, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ताजेपणाच्या कसोटीवर अमेरिकन बाटली अनेकदा जिंकते.

मग बाकीच्या फिकट लागरांचं काय? इथे संशोधन आपल्या अभिमानाला धक्का देतं. १९६४मध्ये अ‍ॅलिसन आणि उल यांनी अमेरिकेत तीनशेहून अधिक बिअर पिणाऱ्यांना लेबल नसलेल्या बाटल्या दिल्या. लोकांना आपला नेहमीचा ब्रँड ओळखता आला नाही. लेबलं चिकटवल्यावर मात्र तेच लोक आपापल्या ब्रँडला जास्त गुण द्यायला लागले. अलीकडच्या एका प्रयोगात चेकवार, हाइनेकेन आणि स्टेला आर्ट्वा या तीन बिअर घेतल्या होत्या. पद्धत तीन पेल्यांची: दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा पेला कोणता ते सांगायचं. तीनपैकी दोन चाचण्यांत लोकांची उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा सरस नव्हती, तिसऱ्यातही फरक जेमतेमच कळला. तीन पेल्यांची ही पद्धत १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये चाखणाऱ्यांची पारख करण्यासाठी वापरात आली, आणि घरगुती बैठकीत हीच पद्धत वापरावी असा माझा आग्रह आहे. त्याला खर्च येत नाही. एकाने स्वयंपाकघरात ओतायचं, बाहेरच्यांना कुठल्या पेल्यात काय आहे ते माहीत नसावं, पेले एकसारखे असावेत, बिअर एकाच तापमानाची असावी. सोबत भाजलेले शेंगदाणे किंवा फरसाण नको, मीठ-तिखट नंतर. त्याजागी साधा पाव आणि पाणी. वेगळा पेला ओळखता येईना, तर त्या दोन बिअरमध्ये श्रेष्ठ कोण यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. स्वस्त असेल ती घ्यावी आणि उरलेले पैसे खरोखर वेगळ्या बिअरवर खर्च करावेत.

याच प्रश्नाची दुसरी बाजू एका सुंदर अभ्यासात आहे. आयर्लंडबाहेर गिनेस तितकी चांगली लागत नाही, असं सगळेच म्हणतात. चार वेगवेगळ्या देशांच्या संशोधकांनी १४ देशांतल्या ३३ शहरांत ७१ पबमध्ये गिनेस चाखली आणि २०११मध्ये निष्कर्ष छापले. १००पैकी गुणांची सरासरी आयर्लंडमध्ये ७४, बाहेर ५७. पबचं वातावरण, फेसाची उंची वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरला. मला या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण त्यातला कच्चा दुवा उघड आहे: चाखणाऱ्याला आपण डब्लिनमध्ये आहोत हे माहीत होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून तो देश विसरवता येत नाही. तरीही निष्कर्ष मला पटतो, आणि कारण साधं आहे. ज्या पबमध्ये दिवसभर गिनेसच ओतली जाते तिथे पिंप लवकर संपतं, नळ्या नियमित धुतल्या जातात, नायट्रोजनचं प्रमाण नेमकं असतं. लंडनच्या पार्क रॉयलमध्ये गिनेसचा मोठा कारखाना होता. तो २००५मध्ये बंद झाला आणि ब्रिटनची गिनेस पुन्हा डब्लिनहून येऊ लागली. म्हणजे आज लंडनच्या पेल्यात अस्सल डब्लिनची बिअर असते, आणि तरीही दोन पबमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शेवटचे वीस फूट, म्हणजे तळघरापासून नळापर्यंतचा प्रवास, आधीच्या सगळ्या प्रवासाइतके महत्त्वाचे असतात.

गिनेसचाच आणखी एक अवतार लंडनच्या आफ्रिकन किराणा दुकानांत मिळतो: नायजेरियाहून आलेली फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट. ७.५ टक्के, ज्वारी वापरून केलेली, दाट, काळ्या गुळासारखी, कडवट. ज्वारीच्या प्रदेशातून आलेल्या माणसाने ती जरूर शोधून प्यावी. मटण सुक्क्याबरोबर तिच्यासारखी साथ मला दुसरी कुठली सापडलेली नाही, आणि ती प्रवासाला डरत नाही.

इथून पुढे या आढाव्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. काही बिअर प्रवासात खराब होत नाहीत. काही तर सुधारतात. अल्कोहोल जास्त, रंग गडद आणि बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर बिअर स्वतःची काळजी घेते. ते यीस्ट बाटलीतला प्राणवायू खाऊन टाकतं आणि आतल्या आत दुसरं आंबवण चालू ठेवतं. बेल्जियमच्या मठांतल्या ट्रॅपिस्ट बिअर या कुळातल्या. त्यांच्यावरचा षट्कोनी शिक्का सांगतो की, बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनली आहे आणि मिळकत मठाच्या निर्वाहासाठी व सेवाकार्यासाठी जाते. शिमेची निळ्या लेबलाची ९ टक्क्यांची बिअर, रोशफोर १०ची ११.३ टक्क्यांची, वेस्टमालची ९.५ टक्क्यांची सोनेरी ट्रिपेल. परदेशी बिअर म्हणून पैसे मोजायचे तर यांच्यावर मोजावेत.

त्यातही ऑर्वाल. बोलिंगच्या पिनसारख्या आकाराची बाटली, लेबलावर तोंडात अंगठी धरलेला मासा, आणि बाटली भरल्याची तारीख स्पष्ट छापलेली. ताजी असते तेव्हा हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास आणि करकरीत कडवटपणा. मग बाटलीत घातलेलं ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट कामाला लागतं. सहा महिन्यांनी कडवटपणा उतरतो, वर्षाने त्यात चामड्याचा, ओल्या गवताचा, तबेल्याचा वास शिरतो आणि बिअर अगदी कोरडी होते. मठाजवळच्या उपाहारगृहात ताजी आणि जुनी असे दोन प्रकार मागता येतात. एकाच दिवशी दोन वेगळ्या तारखांच्या बाटल्या उघडून पाहाव्यात. दोन देशांच्या लागरांत सापडत नाही इतका फरक या एका मठाच्या दोन बाटल्यांत सापडतो. ती बर्फासारखी गार करू नये. ‘चिल्ड’ हवी हा आपला उन्हाळी आग्रह फिकट लागरला चालतो, पण ऑर्वाल बारा अंशांच्या आसपासच बोलायला लागते. ब्रसेल्सच्या परिसरातल्या, हवेतल्या यीस्टवर आंबवलेल्या ग्योझ बिअर याहूनही दमदार. त्या वर्षानुवर्षं टिकतात; कैरीच्या पन्ह्याची आंबट सवय असलेल्या जिभेला त्या लवकर पटतात.

याच्या अगदी उलट टोकाला आजची आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीतून आणि पुढे बर्टनहून फिकट एल जहाजांत चढून आफ्रिकेला वळसा घालत मुंबई-कलकत्त्याला यायची. चार-सहा महिन्यांच्या त्या प्रवासात भरपूर हॉप्समुळे ती टिकायची आणि पिंपात मुरून उतरायची. आजची अमेरिकन धाटणीची आयपीए मुरण्यासाठी नाहीच. तिचं सगळं सौंदर्य आंबा, ग्रेपफ्रूट, पाइनच्या सुगंधात आहे, आणि तो काही आठवड्यांत विरतो. कॅलिफोर्नियाच्या स्टोन भट्टीने तर एक अशी आयपीए काढली जिच्या नावातच पिण्याची अंतिम तारीख असते, भरल्यापासून साधारण पाच आठवड्यांची. अशी बिअर पॅसिफिक किंवा अटलांटिक ओलांडून आणवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जिथे राहता तिथल्या भट्टीची घ्या. गव्हाच्या जर्मन बिअरचंही थोडंफार तसंच. केळी-लवंगेचा तो मोहक वास कोवळेपणीच असतो, जरी जर्मनीहून ब्रिटनपर्यंतचा छोटा पल्ला ती बऱ्यापैकी निभावते.

महाराष्ट्रातल्या वाचकालाही यातून काही घेता येईल. २००९मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं, आणि तेव्हापासून राज्यात ताजी, तिथेच गाळलेली गव्हाची बिअर आणि आयपीए मिळू लागली. आयात केलेल्या हिरव्या बाटलीला तिप्पट पैसे देण्यापेक्षा ती नक्कीच चांगली.

आता सुट्टीला घरी जाताना काय न्यावं, हा इथल्या मंडळींचा दरवर्षीचा प्रश्न. भारतात उतरताना करमुक्त मद्याची मर्यादा माणशी दोन लिटर, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या. लागर नेऊ नका, आयपीए नेऊ नका. दोन ऑर्वाल, भरल्याची तारीख वेगवेगळी पाहून. एक रोशफोर १०, एक शिमे निळी, एक वेस्टमाल ट्रिपेल आणि सहावी नायजेरियन गिनेस, तिची ३२५ मिलिलिटरच्या आसपासची छोटी बाटली मिळाली तर. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत, आणि घरी पोचल्यावर दोन दिवस उभ्या ठेवायच्या, म्हणजे हललेलं यीस्ट तळाशी बसेल. ओतताना शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवायचा.